ट्रेमध्ये राहिलेली सिरिंज

ऑपरेशन थिएटरात सगळे त्यांना पाठीमागे ‘मोजणीबाई’ म्हणायचे आणि त्यांना ते ठाऊक होतं. राग येणं दूरच, मनातून त्यांना ते नाव आवडायचं. सव्वीस वर्षं त्या सिस्टर म्हणून सर्जनच्या समोर, टेबलाच्या पलीकडे, हिरव्या गाऊनमध्ये उभ्या राहिल्या होत्या. पोट उघडण्याआधी गॉजच्या घड्या किती, चिमटे किती, सुया किती हे त्या खणखणीत आवाजात मोजायच्या, आणि पोट बंद करण्याआधी पुन्हा मोजायच्या. एकदा एक घडी कमी भरली, तेव्हा त्यांनी बाहेरून आलेल्या एका नावाजलेल्या सर्जनला टाके घालू दिले नव्हते. “घडी सापडल्याशिवाय सुई मिळणार नाही,” असं तोंडावर सांगून त्या हात बांधून उभ्या राहिल्या. घडी त्या सर्जनच्याच बुटाखाली निघाली. तो किस्सा दवाखान्यात अजून सांगितला जायचा, आणि सांगणारा विसरला तर बाई स्वतः आठवण करून द्यायच्या.

घरी त्यांचे यजमान होते, शाळेच्या कार्यालयातून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, “हिच्या हाताखाली संसार केला म्हणून माझा अजून एकही मोजा हरवलेला नाही.” बाई हसायच्या. अचूकपणा हा त्यांचा दागिना होता आणि तो मिरवायला त्यांना आवडायचा.

मिरवता मिरवता तो दुसऱ्याला टोचायचाही. त्या दिवसाच्या महिनाभर आधीची गोष्ट. थिएटरात एक सिस्टर हात धुऊन टेबलाशी उभी राहते आणि दुसरी बाहेरून वस्तू पुरवते. तिला फिरती सिस्टर म्हणतात. बाईंच्या थिएटरातल्या फिरत्या सिस्टरची नोकरी अकरा वर्षांची, दोन मुलांची आई, कामाला वाघ. टेबलाशी उभं राहायची पाळी आली तेव्हा एका वाटीवर औषधाच्या नावाची चिठ्ठी लावायला ती विसरली. काही बिघडलं नाही. पण मोजणीबाईंनी शुक्रवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर त्या वाटीचा विषय काढला. “पाणी आणि औषध दिसायला सारखंच असतं. चिठ्ठी नाही म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून काम. उद्या कुणाचा जीव गेला तर ह्यांची दोन मुलं येऊन उत्तर देणार आहेत का?” फिरती सिस्टर मान खाली घालून ऐकत राहिली. तिचे डोळे भरले होते. बाईंना ते दिसलं होतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा त्यांना बरंच वाटलं होतं.

तो मंगळवार होता. चार ऑपरेशनं लागली होती. पहिलं अडीच तास लांबलं आणि सगळा दिवसच रुळावरून घसरला. दुसरा रुग्ण फरशीवाला होता. फरश्या बसवायचं काम करणारा, पंचावन्नच्या आसपासचा, रुंद खांद्यांचा माणूस. गुडघ्यांवर बसून बसून गुडघ्यांची कातडी टाचेसारखी झालेली. पित्ताशयात खडे झाले होते, म्हणून ते दुर्बिणीतून काढायचं ठरलं होतं. टेबलावर झोपताना तो भूलतज्ज्ञांना म्हणाला, “माझी काळजी करू नका साहेब. अंगठ्यावर हातोडी बसली तेव्हासुद्धा मी फडकं बांधून न्हाणीघर पुरं केलं होतं.” सगळे हसले.

दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोट चिरत नाहीत. पोटात वायू भरून ते फुगवतात, चार ठिकाणी बोटाच्या पेराएवढी छिद्रं पाडतात, एकातून कॅमेरा आणि बाकीच्यांतून हत्यारं घालतात. दिसायला काम छोटं, पण भूल उतरली की ती चार छिद्रं बोलायला लागतात. म्हणून शेवटी, टाके घालण्याआधी, सर्जन चारही छिद्रांभोवती जागा बधिर करणारं औषध टोचतात. थिएटरात त्याला नुसतं ‘लोकल’ म्हणतात. त्यानं सहा-आठ तास निभावून जातात. रुग्ण त्याच संध्याकाळी उठून चालतो, खोकतो, घरच्यांशी गप्पा मारतो. बाईंच्या थिएटरात हे वर्षानुवर्षं चाललं होतं.

त्या दिवशी बाईंनी दोन सिरिंजा भरल्या. एकीत लोकल, ती किडनीच्या आकाराच्या स्टीलच्या ट्रेमध्ये. दुसरीत जखमा धुवायचं साधं सलाईन, ती वाटीशेजारी. चिठ्ठ्या जवळच होत्या. पण कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरली होती, सर्जन “पुसा, पुसा” करत होते, आणि तिसऱ्या रुग्णाचे नातेवाईक दाराशी आल्याचं कुणीतरी ओरडून सांगत होतं. बाईंनी मनात म्हटलं, ट्रेमधली ती लोकल. सव्वीस वर्षं हात चुकला नाही, आता काय चुकणार.

पित्ताशय व्यवस्थित निघालं. सर्जननी न बघता हात पुढे केला. “लोकल.” बाईंनीही न बघता हातात सिरिंज ठेवली. सर्जननी चार ठिकाणी टोचलं, टाके घातले, हातमोजे काढले. बाईंनी घड्या मोजल्या, बरोबर भरल्या. कागदावर स्वतःच्या ठाशीव अक्षरात लिहिलं: ‘लोकल वीस मिली दिले.’ खाली सही केली. फरशीवाल्याला जाग यायच्या खोलीत नेलं.

टेबल आवरताना त्यांनी ट्रे उचलला आणि त्यांचा हात जागीच थांबला. सिरिंज ट्रेमध्येच होती. काठोकाठ भरलेली. वाटीशेजारची जागा रिकामी होती.

 माणसाच्या जखमेत औषध म्हणून पाणी गेलं होतं. जिवाला धोका नव्हता. पण अर्ध्या तासात भूल उतरणार होती आणि चारही छिद्रं उघडीवाघडी जागी होणार होती. उपाय दहा पावलांवर होता. सर्जन बाहेरच्या नळावर पुढच्या ऑपरेशनसाठी हात घासत होते. “डॉक्टर, माझी चूक झाली, लोकल राहिलं,” एवढंच म्हणायचं. ते दोन शब्द बोलले असते, आत जाऊन त्या झोपलेल्या माणसाला टोचून आले असते. दहा मिनिटांचं काम.

बाई वळल्या. दाराजवळ फिरती सिस्टर पुढच्या रुग्णाचं सामान मांडत होती. तिची पाठ दिसत होती. बाईंना शुक्रवारची बैठक आठवली, स्वतःचा खणखणीत आवाज आठवला. डोळ्यांवर पट्टी. दोन मुलं. आता हिच्यासमोर तोंड उघडायचं?  पुढचे हात त्यांचे नव्हतेच जणू. ते हात सिंककडे गेले, नळ सोडला आणि सिरिंज दाबून रिकामी केली. वीस मिली. मग सिरिंज कचऱ्यात टाकली आणि बाईंनी पुढच्या ऑपरेशनच्या घड्या मोजायला घेतल्या. आवाज नेहमीसारखाच खणखणीत निघाला. याचीच त्यांना पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

दुपारी साडेतीनला काम संपलं. थिएटरच्या सिस्टरला वॉर्डात जायचं काहीच कारण नसतं. बाईंनी एक रजिस्टर काखेत मारलं आणि गेल्या.

वॉर्डच्या दारातूनच ऐकू येत होतं. मोठ्यानं नाही. दात आवळून धरलेल्या तोंडातून निसटतो तसा आवाज. फरशीवाला उजव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडला होता, उशी ओली झाली होती. बायको पायाशी उभी होती, बारीक चणीची, गोंधळलेली. तिच्याजवळ फरशीवाल्याचा थोरला भाऊ होता. तोही याच धंद्यातला, दोघं मिळून कामं घेत. घाबरली की थट्टा करणारी माणसं असतात, त्यातला तो.

“अरे, चार भोकं पडली रे तुला, चार,” भाऊ म्हणत होता. “आपण भिंतीला रोज चाळीस पाडतो. भिंत रडते का कधी?”

“दादा, नको ना,” फरशीवाला म्हणाला.

“अहो, पलीकडच्या पलंगावरच्या त्या मुलीचंही हेच झालंय,” बायको हळूच म्हणाली. “ती उठून बसलीय. सगळे बघतायत. थोडा धीर धरा.”

वॉर्डच्या सिस्टरनं बाईंना बघून कपाळावर हात मारला. “तुमचा पहिलवान बघितलात? दोन तासांपासून हे असं. गोळी दिली, सलाईनमधून औषध दिलं.”

“जरा जोराचं इंजेक्शन द्या ना,” बाई म्हणाल्या.

“कागद बघितला मी. लोकल दिलंय. तुमचीच सही आहे.” तिनं फाईल वर करून दाखवली. “म्हणजे एवढं दुखायचं कारणच नाही. डॉक्टरांना फोन केला, तर तेही म्हणाले, काही माणसं मनानं हळवी असतात, वाट बघा. लोकल दिलेल्याला एवढ्यात मोठं इंजेक्शन कशाला?”

बाईंनी स्वतःचं अक्षर पाहिलं. ते अक्षर त्या माणसाच्या वेदनेसमोर साक्ष देत उभं होतं, आणि ती साक्ष खोटी होती. त्या पलंगापाशी गेल्या. खांदाही दुखत असेल, त्यांना माहीत होतं, पोटात राहिलेल्या वायूमुळे खांदा धरतो. तो लोकलनंही थांबत नाही. पण हा माणूस खांद्याला हात लावत नव्हता. त्याचा तळवा पोटावर, पट्ट्यांच्या वर, अधांतरीच होता. टेकवायची हिंमत होत नव्हती.

फरशीवाल्यानं डोळे उघडले. ऑपरेशनच्या आधी बघितलेला चेहरा त्यानं ओळखला.

“सिस्टर,” तो म्हणाला, “माफ करा हं. मी तिथं फुशारकी मारली आणि इथं हे असं. मी असा नाहीये हो. काय झालं माझं मला कळत नाही. तुम्हाला सगळ्यांना त्रास.”

“असू दे,” बाई म्हणाल्या. “होतं.”

होतं! एवढाच शब्द त्यांच्या तोंडून निघाला. सर्जनना फोन करून, रागावून, भांडून त्यांनी संध्याकाळी एक मोठं इंजेक्शन मिळवलं. फोनवर कारण मात्र सांगितलं नाही. आपण रुग्णासाठी भांडलो असं क्षणभर वाटलं, आणि मग स्वतःचीच किळस आली.

घरी यजमानांनी चहा पुढे केला. “कुठं दुखतंय का?” त्यांनी विचारलं.

“मला नाही,” बाई म्हणाल्या, आणि आत जाऊन कपाट आवरायला लागल्या. आवरलेलंच कपाट.

फरशीवाला दुसऱ्या दिवशी घरी जायचा होता, तो गेला नाही. दुखण्याच्या भीतीनं त्यानं मोठा श्वास घेतलाच नव्हता, की खोकलाही काढला नव्हता. छातीत कफ साठला आणि ताप चढला. ताप केवळ त्यामुळेच आला असं कुणी छातीठोकपणे म्हटलं नसतं; पण बाईंच्या मनाला पुराव्याची गरज नव्हती. तिसऱ्या दिवशी त्या सर्जनच्या खोलीत गेल्या आणि उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. सिरिंजा, ट्रे, सिंक. सिंक सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की सर्जनना पुन्हा विचारावं लागलं.

सर्जननी पेनचं टोपण उघडलं-मिटलं. माणूस वाईट नव्हता. “मीही बघायला हवं होतं,” ते म्हणाले. “न बघता हात पुढे केला मी. आणि फोनवर हळवा म्हटलं त्याला.” मग म्हणाले, “पण सिस्टर, आता तो बरा होतोय. उद्या-परवा घरी जाईल. सांगून त्याचं दुखणं परत थोडंच जाणार आहे? उगाच त्याचा विश्वास उडेल. सोडून द्या. पुढे चिठ्ठी लावू.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. जिना उतरताना पाय हलके झाले होते. शेवटच्या पायरीवर त्यांच्या लक्षात आलं की आपण हलके झालो आहोत, आणि त्या तिथेच कठड्याला धरून उभ्या राहिल्या. म्हणजे आपल्याला हेच ऐकायचं होतं. त्यासाठीच वर गेलो होतो.

पाचव्या दिवशी फरशीवाला घरी गेला. दहाव्या दिवशी टाके काढायला आला, तेव्हा ड्रेसिंगच्या खोलीतली सिस्टर रजेवर होती आणि पाळी मोजणीबाईंवर आली. त्यांना पळता आलं असतं, दुसऱ्या कुणाला पाठवता आलं असतं. त्या गेल्या.

तो आता नीट चालत होता, पण काहीतरी उतरलं होतं. खांदे तेच, नजर फरशीवर. बायको बरोबर होती. टाके काढता काढता बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “कामावर कधी?”

“जाईन. चिडवतात तिकडे,” तो म्हणाला. “दादानं सगळ्यांना सांगितलं. कुणाच्या बोटाला खरचटलं तरी म्हणतात, ह्याला हाक मारा, रडायला.” तो हसायचा प्रयत्न करत होता. “खरंय म्हणा. माझ्याच मनात इतकी वर्षं मी मोठा घट्ट माणूस होतो. कच्चा निघालो.”

“आणि माझी तारीख आम्ही रद्द केली, सिस्टर,” बायको म्हणाली.

बाईंचा हात थांबला. “कसली तारीख?”

“मलाही खडेच आहेत. पुढच्या महिन्यात ह्याच डॉक्टरांकडे ठरलं होतं. दोनदा कळ येऊन गेलीय, एकदा तर डोळे पिवळे झाले होते. पण आता नाही. ह्यांच्यासारख्या माणसाची ही गत झाली, तर मी टेबलावरून उठायचीच नाही. जोवर निघेल तोवर निघेल.”

डोळे पिवळे झाले होते. म्हणजे खडा नळीत अडकला होता आणि पुन्हा अडकू शकतो. पुढच्या वेळी ताप, पू, काहीही. बाईंनी सव्वीस वर्षांत अशी वाट बघत बसलेली माणसं कुठल्या अवस्थेत येतात ते बघितलं होतं. त्यांनी चिमटा खाली ठेवला, हातमोजे काढले आणि स्टुलावर बसल्या. 

“तुमचं मन कच्चं नाही,” त्या फरशीवाल्याला म्हणाल्या. “तुम्हाला औषध मिळालंच नव्हतं.”

“म्हणजे?” बायकोनं विचारलं.

“छिद्रांभोवती बधिर करायचं औषध टोचतात. मी चुकून पाण्याची सिरिंज दिली. डॉक्टरांना माहीत नव्हतं, त्यांनी पाणी टोचलं. तुम्ही झोपेत असतानाच मला कळलं होतं. तेव्हाच सांगितलं असतं तर तुम्हाला एवढं दुखलं नसतं. मी सांगितलं नाही. ते औषध मी सिंकमध्ये ओतून टाकलं, आणि कागदावर दिलं म्हणून लिहिलेलं तसंच ठेवलं. त्या कागदामुळे तुम्हाला कुणी जोराचं औषध देईना.”

 बायको एकदम बोलायला लागली, आणि बोलता बोलता तिचा आवाज चिरकला. “अहो, मी… मी ह्यांना म्हटलं, सगळे बघतायत, लाज बाळगा जरा. चार दिवस बोलत होते मी ह्यांना! घरी गेल्यावरसुद्धा! आणि तुम्ही तिथं येऊन उभ्या होतात. रजिस्टर घेऊन!”

“हो,” बाई म्हणाल्या.

फरशीवाला मात्र तिसरीकडेच होता. त्यानं हळू विचारलं, “म्हणजे ते दुखणं खरं होतं?”

“खरं होतं. तेवढंच असतं, औषध नसलं की. कुणालाही.”

त्यानं मोठा श्वास सोडला. चेहऱ्यावरची एक गाठ सुटताना दिसली, आणि तिच्या जागी हळूहळू राग आला. तो ओरडला नाही. शर्टाची बटणं लावत म्हणाला, “मी तुमची माफी मागितली होती, सिस्टर. पलंगावरून. आठवतं?”

“आठवतं.”

“तुम्ही ती घेतलीत.”

बाईंनी खूप शिव्या ऐकायची तयारी केली होती. या वाक्याची केली नव्हती.  बायकोला त्या एवढंच म्हणाल्या, “माझ्यावर तक्रार करा. हवं तर दुसऱ्या दवाखान्यात जा. पण ऑपरेशन करून घ्या. ह्यांचे हाल माझ्यामुळे झाले, ऑपरेशनमुळे नाही.” दोघं निघून गेले.

त्याच दुपारी बाईंनी सगळं लेखी दिलं. सिंकसुद्धा लिहिलं. सर्जन चिडले, पण त्या कागदाखाली त्यांनी स्वतःची दोन वाक्यं जोडली. शुक्रवारच्या बैठकीत बाई उभ्या राहिल्या, त्याच खुर्चीपाशी, आणि स्वतःच्या तोंडानं सांगितलं.  सांगून झाल्यावर त्या फिरत्या सिस्टरकडे वळल्या. “तुम्हाला मी इथंच सगळ्यांसमोर बोलले होते. तुमची चूक माझ्या चुकीच्या पासंगालाही पुरत नाही.”

बैठक संपली. फिरती सिस्टर मागे थांबली. “मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“मी वळून बघितलं होतं. तुम्ही भरलेली सिरिंज सिंकमध्ये रिकामी करत होतात. मला शंका आली. विचारावंसं वाटलं. पण तुम्हाला विचारायचं म्हणजे…” तिनं वाक्य सोडून दिलं. “मी घाबरले, बाई. आणि तो माणूस दिवसभर विव्हळला. मलाही झोप लागलेली नाही.”

मोजणीबाईंना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. इतकी वर्षं आपल्या धाकानं थिएटर सुरक्षित आहे असं त्या समजत होत्या. त्या धाकानंच एक तोंड बंद केलं होतं, आणि दुसरं त्यांचं स्वतःचं.

त्यांना तीन महिने टेबलावरून काढलं आणि तळमजल्यावर हत्यारं उकळून, वाळवून, पुडकी बांधायच्या खोलीत पाठवलं. त्यांनी तक्रार केली नाही. वाफेत उभं राहून त्या चिमट्यांची पुडकी बांधायच्या. पहिल्यांदाच त्यांच्याशी कुणी मोकळेपणानं बोलायला लागलं, कारण तिथं कुणाला त्यांची भीती नव्हती. यजमानांनाही त्यांनी सांगितलं. ते नेहमीसारखी थट्टा करतील असं वाटलं होतं, पण ते भाजी निवडता निवडता म्हणाले, “सांगितलंस ना. उशिरा का होईना.” बाई म्हणाल्या, “तो उशीरच तर त्याला भोवला.”

दुसऱ्या महिन्यात फरशीवाल्याच्या बायकोचं नाव ऑपरेशनच्या यादीत लागलं. तक्रार त्या दोघांनी केली नव्हती. एकच अट घातली होती: ती बाई आत नको. फिरती सिस्टर खाली येऊन हे सांगताना चाचरली. “बरोबर आहे त्यांचं,” बाई म्हणाल्या. त्या टेबलाशी आता फिरती सिस्टरच उभी राहायची. प्रत्येक सिरिंजवर चिठ्ठी असायची, आणि टोचण्याआधी ती नाव मोठ्यानं वाचून सर्जनला दाखवायची. सर्जन बघायचे.

त्या दिवशी दुपारी बाई वॉर्डच्या दारापर्यंत गेल्या. आत गेल्या नाहीत. दाराच्या काचेतून त्यांना दिसलं, बायको पलंगावर टेकून बसली होती, एक हात पोटावर, दुसऱ्या हातात पेला. तोंड थोडं वाकडं करत होती, पण मध्येच नवऱ्याला काहीतरी सांगून हसत होती आणि हसल्यावर “आई गं” म्हणत होती. दुखत होतंच. पण माणसाला सोसवेल इतकं.

फरशीवाल्यानं त्यांना पाहिलं आणि तो बाहेर आला. दोघं भिंतीला धरून उभे राहिले.

“बरं आहे तिचं,” तो म्हणाला.

“दिसलं.”

“दादाला मी सांगितलं तेव्हाच. औषध दिलंच नव्हतं म्हणून. तो म्हणाला, चांगलं कारण शोधलंस. सगळे हसले.” तो इकडेतिकडे बघत म्हणाला. “आता मीही सांगायचं सोडलंय.”

बाईंनी पुढचं वाक्य बोलायला फार वेळ घेतला नाही. घेतला असता तर ते बोलणं झालंच नसतं. “मी येऊन सांगते. चालेल तुम्हाला?”

त्यानं त्यांच्याकडे नीट बघितलं. नको म्हणेल असं त्यांना वाटलं, थोडीशी आशाच होती. “या,” तो म्हणाला. “रविवारी आम्ही शाळेच्या नव्या इमारतीत असतो. जेवायच्या सुट्टीत या.”

रविवारी त्या गेल्या. खालच्या मजल्यावर अर्धा हॉल झाला होता. सात-आठ माणसं भिंतीशी बसून डबे उघडत होती, थोरला भाऊ मध्ये. फरशीवाला एका टोकाला होता. पांढऱ्या साडीतली बाई दारात बघून सगळे गप्प झाले. बसायला काही नव्हतं. बाईंनी उभ्यानंच सांगितलं. मी कोण, ऑपरेशनला मी होते, औषधाच्या जागी मी पाणी दिलं, कळल्यावर लपवलं. “ह्यांनी जे सोसलं ते जखमा बधिर न करता सोसलं. ह्यांच्या जागी मी असते तर वॉर्ड डोक्यावर घेतला असता.”   एक माणूस घास हातात धरून तसाच बसला होता.

थोरल्या भावानं डब्याचं झाकण हातात फिरवलं. मग त्यानं धाकट्याकडे न बघताच विचारलं, “अरे, मग तू तेव्हा नीट का नाही सांगितलंस?”

“सांगत होतो की,” फरशीवाला म्हणाला. “तू भिंतीचं सांगत होतास.”

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच थांबलं. भावाची मान खाली गेली. त्यानं डब्यातला मोठा वाटा उचलून धाकट्याच्या झाकणात ठेवला.

बाई जायला वळल्या. तेवढ्यात फरशीवाला उठला. “तिकडून नको, सिस्टर. तिथली फरशी सकाळीच बसवलीय, हलेल.” त्यानं एक फळी आणून ओल्या भागावर आडवी टाकली आणि पलीकडे दाराशी जाऊन उभा राहिला. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि बाईंनीही विचारलं नाही. त्या फळीवरून जपून एकेक पाऊल टाकत बाहेर गेल्या.